कानापुढचं मोहोळ

माणूस म्हणजे कानाच्या पाळीपासून हनुवटीपर्यंतचा भाग, बाकीचं शरीर त्याला उचलून इकडून तिकडे न्यायला दिलेलं आहे, असं मनापासून मानणारा एकच गृहस्थ मी आजवर पाहिला, आणि तो माझ्या सख्ख्या आत्याचा नवरा आहे. आम्ही त्यांना आतोबा म्हणतो. उल्हासनगरातल्या एका एक्स-रे सेंटरमध्ये आतोबांनी आयुष्याचा सगळा उत्तरार्ध घालवला आणि तोही एकाच प्रकारचा एक्स-रे काढण्यात. आम्ही दातांचे डॉक्टर ज्याला ओपीजी म्हणतो तो. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचा अख्खा जबडा एका लांबट पट्टीवर उलगडून दाखवणारा फोटो. मी बदलापूरला मांजर्लीत दवाखाना चालवते. माझे पेशंट आतोबांकडे जायचे आणि त्यांचे जबडे मोठ्या पाकिटात बसून माझ्याकडे परत यायचे.

आतोबा समोरच्याच्या डोळ्यांत बघून कधी बोलत नाहीत. त्यांची नजर कानाच्या बोटभर पुढे, जिथे जबड्याचा सांधा असतो, तिथे जाऊन बसते. विठ्ठलवाडीला त्यांच्या बिल्डिंगमध्ये नवीन राहायला आलेल्या बायका पहिले काही महिने त्यांच्याशी बोलताना सारखे कानामागे केस सारत असत, आणि एका बँकेतल्या साहेबांनी तर जिन्यात भेट झाल्यावर घरी जाऊन कान साबणाने धुतला होता. लग्नाच्या पंगतीत आतोबा स्वतःचं पान थंड होईपर्यंत समोरची रांग न्याहाळत बसतात. कोण डाव्या बाजूने चावतो, कोणाचा सांधा जिलबीला वाजतो, कोण भाताला उगाच जास्त चावतो, हे सगळं त्यांना ताक येईपर्यंत पाठ झालेलं असतं. मला बघायला आलेल्या मुलाला माझ्या घरच्यांनी पगार विचारला, शिक्षण विचारलं, गाव विचारलं. आतोबा कोपऱ्यात बसून त्याला फक्त पोहे खाताना बघत राहिले. मंडळी गेल्यावर वडिलांनी त्यांचं मत विचारलं तेव्हा ते म्हणाले, "उजवा सांधा जरा लवकर निघतो. पण मुलगा घास पूर्ण चावतो. हरकत नाही." त्या मुलाशी माझं लग्न झालं आणि तो अजूनही घास पूर्ण चावतो.

त्यांचं आधीचं आयुष्य अंबरनाथच्या एका कारखान्यात गेलं. तिथेही ते एक्स-रेच काढत, पण लोखंडाचे. मोठमोठ्या टाक्यांना वेल्डिंग केलं की सांधा आतून भरला आहे का, त्यात कुठे हवेचा बुडबुडा राहिला आहे का, हे फोटोत बघायचं. बुडबुडा दिसला की टाकी परत. कारखाना बंद पडला आणि ओळखीच्या कुणीतरी त्यांना उल्हासनगरला आणलं. आधी त्यांना वाटलं होतं की फोटो तो फोटो, काय फरक पडतो. मग पहिल्याच आठवड्यात एक बाई मशीनमध्ये उभी राहिल्या राहिल्या रडायला लागली, आणि टाकी कधी रडत नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. तेव्हापासून ते खोलीत हळू आवाजात बोलायला लागले.

फोटोआधीची त्यांची सूचना ठरलेली होती. हनुवटी टेकवा, समोरचा दांडा पुढच्या दातांत धरा, जीभ टाळ्याला लावा, आणि मी सांगेपर्यंत पुतळा व्हा. हे ते मराठीत सांगत, हिंदीत सांगत, कामापुरत्या सिंधीत सांगत आणि आजूबाजूच्या गावांतून आलेल्यांना त्यांच्या बोलीत सांगत. त्यानंतर एक वाक्य न चुकता येई: "मशीन तुमच्याभोवती फिरेल, तुम्ही त्याच्याबरोबर फिरू नका." कारण दहातले दोन जण फिरतच. कानातलं, गळ्यातलं, डोक्यातल्या पिना, सगळं काढायला लावत, आणि त्यावरून उल्हासनगरात रोज एक लढाई होई. एकदा कापडाच्या दुकानदाराची म्हातारी आई आली. तिच्या कानातल्या सोन्याच्या फुलांना लग्नापासून कुणी हात लावला नव्हता आणि ती लावू देईना. मुलगा ओरडला, सून विनवण्या करून थकली. आतोबा स्टूल ओढून तिच्याजवळ बसले आणि शांतपणे म्हणाले, "अम्मा, सोना सच्चा है ना, इसलिए दूसरे गाल में भी दिखेगा." हे खरंच आहे. एका कानातल्या दागिन्याची सावली फोटोत दुसऱ्या बाजूलाही पडते. पण म्हातारीने त्यातला फक्त 'सच्चा' ऐकला. ती इतकी खूश झाली की तिने फुलं स्वतःच्या हाताने काढून सुनेच्या ओंजळीत ठेवली. पुढे बरेच दिवस ती सगळ्या बाजारात सांगत होती की सोनं पारखून घ्यायचं असेल तर त्या दातांच्या फोटोवाल्याकडे जा.

आतोबांचा एक नियम मात्र विनोदाच्या पलीकडचा होता. फोटोत काय दिसतं, हे ते पेशंटला कधीही सांगत नसत. "काढायचं काम माझं. सांगायचं काम ज्यांनी ते शिकून घेतलंय त्यांचं." लोक त्यांच्या चेहऱ्यावरून अंदाज घ्यायला बघत, म्हणून फोटो हातात आला की ते भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि पावसाविषयी किंवा भेंडीविषयी बोलायला लागत. त्यांचा चेहरा अशा वेळी इतका कोरा होई की घरीसुद्धा तो बघून आत्या चिडायची. तिच्या मते त्यांनी लग्नात हार घालतानासुद्धा तोच चेहरा केला होता.

मनात साठलेलं सगळं ते एका वहीत काढत. बटरपेपरवर पेन्सिलीने उतरवलेले जबड्याच्या सांध्याजवळचे चमत्कार. देव सगळ्यांना एकाच साच्यात ओतत नाही, आणि कानापुढच्या त्या दोन इंचांत तर त्याने मन मानेल तसा हात फिरवला आहे, हे त्या वहीत दिसे. एखाद्याच्या सांध्याच्या हाडाला एकाऐवजी दोन डोकी असत. आतोबा त्याला 'जोडकैरी' म्हणत. कुणाच्या कानाखालून निघणारं सुईसारखं हाड भलतंच लांब वाढून गळ्याकडे आलेलं असे, ते 'दाभण'. आणि कधीतरी सांध्याच्या वरच्या हाडात बारीक काळ्या पोकळ्यांचा घोस दिसे. त्याचं नाव 'मोहोळ'. खाली फक्त तारीख आणि डावं की उजवं. नाव कुणाचंच नाही. दिवाळीला आम्ही विठ्ठलवाडीला गेलो की फराळानंतर ती वही निघायची. मी पदवी घेतलेली, भिंतीवर प्रमाणपत्र लावलेली डॉक्टर. मी पानं उलटायचे, छान छान म्हणायचे आणि चिवड्यातले शेंगदाणे वेचायचे. त्याची शिक्षा मला मिळाली. खरं म्हणजे मला नाही, मोरिवलीच्या एका मावशींना मिळाली.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मावशी पन्नाशीच्या पुढच्या. मोरिवलीत कारखान्यांच्या भिंतींना लागून उरलेल्या तुकड्यात माठ, मुळा, दुधी लावायच्या आणि अंबरनाथला विकायच्या. अक्कलदाढ दुखते म्हणून त्या बहिणीच्या ओळखीने माझ्याकडे आल्या होत्या. मी फोटो काढायला उल्हासनगरला पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्या पाकीट घेऊन आल्या. दाढ आडवी होती, त्यात काही विशेष नव्हतं. पण डाव्या कानापुढे, सांध्याच्या वरच्या हाडात, मला काळे डाग दिसले. एकाला एक चिकटलेले, पाच-सहा. त्या दिवशी दवाखान्यात गर्दी होती, मला वहीतलं काही आठवलं नाही, आणि न कळणाऱ्या गोष्टीला गंभीर चेहरा करून पुढे ढकलणं ही आम्हा डॉक्टरांची सवय. मी म्हटलं, "मावशी, दाढेचं नंतर बघू. इथे हाडात काहीतरी वेगळं दिसतंय. तुम्ही मोठ्या हॉस्पिटलात दाखवा. कदाचित तुकडा काढून तपासावा लागेल."

मावशींचे यजमान चार वर्षांपूर्वी तोंडाच्या कॅन्सरने गेले होते. हे मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. त्यांनी फोटो नीट पाकिटात घातला, पाकीट पिशवीत घातलं आणि विचारलं, "किती दिवस?"

मला वाटलं तपासणीला किती दिवस लागतील ते विचारतायत. मी चिठ्ठी लिहिता लिहिता म्हटलं, "ते नक्की सांगता येत नाही. पण उशीर करू नका."

त्यांनी मान हलवली आणि गेल्या.

तीन दिवसांनी आतोबांचा फोन आला. आत्याच्या गुडघ्याचं काही विचारून झाल्यावर ते सहज म्हणाले की मोरिवलीच्या त्या बाईंचं मोहोळ पाहिलं असेलच, फार सुरेख आलं होतं. मी म्हटलं, त्यांना मी तुकडा तपासायला पाठवलंय. मग त्यांनी विचारलं की मी दुपारी दवाखान्यात आहे का, आणि फोन ठेवला.

ते आले आणि बाहेर पेशंटच्या बाकावर बसले. मी आत बोलावलं तर त्यांनी हातानेच नाही म्हटलं. त्यांच्या आधी दोघं होते, त्यांचं आटपल्यावरच आतोबा आत आले. पिशवीतून एक जुनी, कडा पिवळ्या पडलेली फिल्म काढून त्यांनी माझ्या एक्स-रे बघायच्या दिव्यावर लावली. उजव्या कानापुढे तोच काळा घोस. मावशींच्यापेक्षा मोठा.

"याला काय करशील?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हेही तपासायला हवं, आणि लवकर.

"हा माझा आहे," आतोबा म्हणाले. "सेंटरमध्ये मशीन आलं तेव्हाचा. अठरा वर्षं झाली."

मी खुर्चीत बसले. त्यांनी मावशींच्या फोटोची सेंटरमधून आणलेली दुसरी प्रत शेजारी लावली, वही उघडली आणि त्यातली मोहोळं एकेक करून टेबलावर मांडली. आवाज अजिबात न चढवता ते मला दाखवत होते की कडा बघ, कशा स्वच्छ आहेत, हाड कुठे खाल्लेलं नाही, बाहेर फुगलेलं नाही. कानामागच्या हाडात सगळ्यांनाच हवेच्या पोकळ्या असतात, काहींच्यात त्या पुढे सांध्यापर्यंत येतात, एवढंच. हे त्यांना सेंटरमध्ये येणाऱ्या एका वयस्क सर्जनने कधीतरी समजावलं होतं. मी लाजत लाजत कॉलेजच्या माझ्या जुन्या सरांना दोन्ही फोटो मोबाईलवर पाठवले. सरांचा लगेच फोन आला. ते म्हणाले, हवा आहे, आजार नाही, शंकाच असेल तर एक स्कॅन कर, पण कुणाला तिथे हत्यार लावू देऊ नकोस. उगाच कानापर्यंत रस्ता उघडेल. शिवाय हे आपण तिसऱ्या वर्षाला शिकलो होतो, अशी आठवणही त्यांनी करून दिली.

मावशींचा फोन बंद होता. बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, ताई हॉस्पिटलात गेलीच नाही. जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, नुसती घर आवरते आहे. तेव्हा मला त्या 'किती दिवस'चा अर्थ कळला. उरलेल्या पेशंटना दुसऱ्या दिवशी बोलावलं, आणि आम्ही दोघं रिक्षा करून निघालो.

मोरिवलीत पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. कारखान्याच्या लांबलचक भिंतीपाशी रिक्षा सोडून आत गल्लीत शिरलो. मावशी अंगणात बसल्या होत्या. समोर बियांच्या पुरचुंड्या मांडून कोणती दुधीची, कोणती कारल्याची, कधी पेरायची, हे सुनेला समजावत होत्या. सून तोंडाला पदर लावून ऐकत होती. गोठ्याच्या खुंट्या रिकाम्या होत्या. दोन्ही शेळ्या त्यांनी शेजारणीला देऊन टाकल्या होत्या आणि चांगली लुगडी बहिणीसाठी वेगळी बांधून ठेवली होती. आम्हाला बघून त्यांनी उठून पाणी आणलं.

मी जमिनीवरच बसले. म्हटलं, "मावशी, माझी चूक झाली. तुम्हाला काहीही झालेलं नाही."

त्या म्हणाल्या, "आमच्या यांना पन डॉक्टर आसाच सांगत व्हते. काय नाय, काय नाय म्हून."

मी सरांचं सांगितलं, स्कॅनचं सांगितलं, हाडातल्या हवेचं सांगितलं. जितकं जास्त सांगत गेले तितकं ते मलाच खोटं वाटायला लागलं. आजाऱ्याला धीर देणारा माणूस जसा बोलतो तशीच मी बोलत होते. मावशींनी मला मध्येच हाताने थांबवलं आणि आतोबांकडे वळल्या.

"फोटू तूच काढलास ना? तू सांग. तू तवा माज्याकडं बघितला पन नाय. भेंडीचा विचारत व्हतास."

आतोबा उभे होते. ते खाली मावशींच्या समोर मांडी घालून बसले. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांना कुणाच्या डोळ्यांत बघताना पाहिलं.

"मावशी, आजवर कुणाला फोटोतलं सांगितलं नाही," ते म्हणाले. "तुम्हाला सांगतो. जे तुमच्या हाडात आहे ते माझ्याही हाडात आहे. तुमचं डाव्या बाजूला, माझं उजव्या. तुमच्याहून मोठं." आणि त्यांनी पिशवीतून दोन्ही फोटो काढून मावळत्या उजेडासमोर धरले.

मावशींनी फोटोंकडे एकदाच बघितलं. मग त्या आतोबांचा कान, गाल, हनुवटी असं सगळं निरखत राहिल्या, म्हणजे आतोबा आयुष्यभर लोकांकडे जसं बघत आले तसंच.

"तुला दुखत नाय?"

"नाही."

"जेवतोस?"

"बायकोला विचारा. तिची तक्रार उलटी आहे."

मावशींनी पदर डोळ्यांना लावला. सून त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. मग पदराआडूनच त्यांचा आवाज आला, "आता शेल्या परत मागायला लागतील." शेजारीण कुडाच्या पलीकडे उभी राहून सगळं ऐकत होती, ती तेवढं ऐकून आत निघून गेली. त्या शेळ्या परत मिळायला नंतर आठवडा लागला आणि एक तर नीट गाभण होऊनच परत आली, हे मावशी मला दाढ काढायला आल्या तेव्हा मोठ्या समाधानाने सांगत होत्या. तोवर स्कॅनही झाला होता. हवाच होती.

त्या संध्याकाळी आम्ही रिक्षाने परत निघालो. स्टेशन जवळ आलं तेव्हा विचारायचं म्हणून विचारलं, की स्वतःचा फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा तुम्हाला काय वाटलं. आतोबा बाहेर बघत म्हणाले की काय वाटणार, मी तर टाक्यांकडून आलेला माणूस. सांध्यात बुडबुडा म्हणजे माल बाद, एवढंच मला येत होतं. मशीन नवीन, ते तपासायला कुणाचं तरी डोकं हवं म्हणून स्वतःचं घातलं होतं. फोटो त्यांनी कुणाला दाखवला नाही. दाखवला तर आजाराला नाव पडेल, नाव पडलं तर ते घरी सांगावं लागेल. मुलगा तेव्हा शाळेत. आठ महिने ते तो फोटो शर्टांच्या खाली ठेवून जगले. मग तो वयस्क सर्जन भेटला, एका पेशंटच्या फोटोवर बोट ठेवून हसला आणि म्हणाला, हे बघा, हवेशीर माणूस. "त्या दिवशी मी कल्याणपर्यंत चालत गेलो," आतोबा म्हणाले. "काही काम नव्हतं." आणि मग, आत्याला यातलं काही सांगू नकोस, असंही म्हणाले.

मी नाही सांगितलं. आतोबा निवृत्त झाले. सेंटरमध्ये आता फोटो थेट मोबाईलवर येतात आणि ते काढणारी मुलगी हुशार आहे. आतोबा घरी बसून टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्यांचे जबडे बघतात. गेल्या माघात मी सहज गेले तेव्हा ते दूध आणायला खाली गेले होते. आत्या भाजी निवडत होती. बोलता बोलता जुन्या गोष्टी निघाल्या आणि ती म्हणाली, "एक वर्ष हे माझ्याशी धड बोललेच नाहीत बघ. मुलगा शाळेत होता तेव्हा. मी माहेरी जरा जास्त राहिले होते, त्याचा राग धरला असणार. मीही मग विचारलं नाही. त्या दिवाळीला यांना आवडतात म्हणून करंज्यासुद्धा केल्या नाहीत मुद्दाम." ती हसत होती, पण मेथीची तीच काडी तिच्या हातात बराच वेळ होती. इतकी वर्षं ती त्या मौनाचा हिशोब स्वतःच्या नावावर ठेवून बसली होती. मी उठून चहा टाकला.

निघताना आतोबा जिन्यात भेटले. मी त्यांना म्हटलं, "आतोबा, आत्याला ते सांगा आता. तिला वाटतंय तुम्ही तिच्यावर रागावला होतात." ते दुधाची पिशवी हातात धरून उभे राहिले. चेहरा कोरा. मग ते वर चढून गेले.

नंतर तीन महिने माझं तिकडे जाणं झालं नाही. ऐन वैशाखात, उन्हाने डांबर पाघळत असताना, एका रविवारी दुपारी गेले. दार उघडंच होतं. पंख्याखाली, जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर करंज्यांचा ढीग होता. घरात ना सण ना पाहुणे. आत्या घामाने निथळत कातणीने कडा कापत होती आणि आतोबा तिच्यासमोर बसून करंजी दुधात बुडवून खात होते, कारण आता त्यांच्या उजव्या बाजूला दाढा उरलेल्या नाहीत. आत्याने मला बघितलं. एक करंजी माझ्या हातावर ठेवली आणि पुन्हा त्यांच्याकडे बघायला लागली. ते घास तोंडात घोळवत होते, सावकाश, आणि ती त्यांच्या कानापुढे बघत होती.